सेल्फ कॅथेटर: साधी नेलॅटन नळी की हायड्रोफिलिक? एमएस असलेल्यांच्या हाताने केलेली पारख

सर्जिकलच्या दुकानात जाऊन नुसतं "कॅथेटर द्या" म्हटलं, तर दुकानदार बहुतेक वेळा फुगावाली फोली पुढे ठेवतो. इथे जिच्याबद्दल लिहिलंय ती ही नव्हे. फोली आत ठेवून द्यायची असते. आपल्याला, म्हणजे एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) असलेल्यांना, हवी ती नळी आत घालायची, लघवी काढायची आणि दोन-चार मिनिटांत बाहेर काढायची. डॉक्टर तिला सीआयसीची (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन, म्हणजे ठरावीक वेळांनी स्वच्छ नळीने लघवी काढणं) नळी म्हणतात, दुकानात मात्र "नेलॅटन" किंवा "प्लेन कॅथेटर" असं मागावं लागतं. नंबर आणि लांबीही सांगावी लागते, नाहीतर लहान मुलांची ८ नंबरची नळी हातात पडते आणि घरी आल्यावर कळतं.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिली साधी पीव्हीसीची नेलॅटन. रोमसन्स, पॉलिमेड अशा भारतीय कंपन्यांची ही नळी कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या आसपास मिळते. हिला वरून जेली लावावी लागते. दुसरी हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या लेपाची, ओली झाली की माशासारखी बुळबुळीत होणारी. कोलोप्लास्ट या डॅनिश कंपनीची स्पीडीकॅथ पाकिटातच मिठाच्या पाण्यात बुडवून येते, फोडली की तयार. स्वीडनमध्ये १९८३ साली आलेली लोफ्रिक ही या जातीतली पहिली. तिच्या मूळ प्रकाराला वापरण्याआधी ३० सेकंद पाण्यात ठेवावं लागतं.

दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चर्चा तिथेच संपते: परवडत असेल तर हायड्रोफिलिक, नाहीतर नेलॅटन. आमचं मत थोडं वेगळं आहे. एमएसमध्ये नळी निवडताना आधी हात बघावेत, मग डोळे, मग मांड्या, आणि त्यानंतर खिसा. साध्या नळीने उत्तम काम करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. महागडी नळी केवळ पाकीट फाडता येत नाही म्हणून कपाटात पडून आहे, असेही लोक आहेत.

नळीची वेळ येते कशी

एमएसमध्ये मूत्राशयाचे दोन बिघाड असतात आणि पुष्कळांना ते एकत्रच होतात. एक म्हणजे मूत्राशय भरायच्या आधीच आकुंचन पावतं: एकदम जोराची लागते आणि संडासापर्यंत पोचेतो कपडे ओले होतात. दुसरा बिघाड उलटा. मूत्राशय दाब देतं, पण खालची झडप त्याच वेळी सैल पडायच्या ऐवजी आवळून बसते. मज्जारज्जूतल्या डागांमुळे दोघांमधला निरोप तुटलेला असतो. मग धार तुटक येते, बराच वेळ बसावं लागतं, आणि उठल्यावर दहा मिनिटांत पुन्हा लागते, कारण निम्मी लघवी आतच राहिलेली असते.

घोळ होतो तो इथे. दोन्ही बिघाडांत वरवरची तक्रार एकच असते, "सारखी लागते". त्यावर सॉलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन किंवा टॉल्टेरोडीनची गोळी सुरू होते. गोळी मूत्राशय शांत करते, पण आत लघवी साचत असेल तर साठा आणखी वाढवते. पंधरा दिवसांनी पेशंट म्हणतो, गोळीने आधी बरं वाटलं, आता पुन्हा तेच. म्हणून गोळीच्या आधी लघवी करून लगेच सोनोग्राफीत उरलेली लघवी मोजून घ्यायची. रिपोर्टात तिला पीव्हीआर लिहितात. साठा वारंवार १०० मिलीच्या वर येत असेल तर बहुतेक तज्ज्ञ नळीचा विचार सुरू करतात. एकाच मोजणीवर जाऊ नका. सोनोग्राफीसाठी बाटलीभर पाणी पाजून तासभर ताटकळत ठेवलं, की धडधाकट माणसाच्या मूत्राशयातही काही उरतं.

मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं घ्यायची असतील तर नळी आधी शिकलेली बरी. एमएससारख्या आजारात साधारण २०० युनिट देतात. गळती छान थांबते, पण पुष्कळांना त्यानंतर स्वतःहून लघवी होत नाही आणि काही महिने नळीनेच काढावी लागते. इंजेक्शन झाल्यावर, पोट फुगलेलं असताना, घाबरलेल्या हातांनी पहिल्यांदा नळी घालायला शिकणं हा उलटा क्रम झाला.

ही पद्धत रूढ केली मिशिगन विद्यापीठातले युरोलॉजिस्ट जॅक लॅपिडीस यांनी. १९७२ साली त्यांनी लिहिलं की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालेल, मूत्राशय ताणलं जाऊ न देणं जास्त महत्त्वाचं. ताणलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतू तिथेच ठाण मांडतात, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या सुरुवातीच्या पेशंटमध्ये एमएस असलेली एक तरुण स्त्री होती. म्हणजे या नळीचा आणि या आजाराचा संबंध पहिल्यापासूनचा आहे.

नंबर आणि लांबी

नळीची जाडी फ्रेंच मापात सांगतात, त्यात ३ नंबर म्हणजे १ मिलिमीटर. १२ नंबरची नळी बाहेरून ४ मिमी जाड असते. मागच्या नरसाळ्याचा रंग नंबर सांगतो: १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा, १६ केशरी. मोठ्या माणसाला १२ किंवा १४ पुरते. "बारीक म्हणजे कमी दुखेल" म्हणून १० घेतात, पण बारीक नळी वाटेत वळते, आवळलेल्या झडपेशी दुमडते आणि ४०० मिली निघायला अंत पाहते. कमोडवर तोल सांभाळत बसलेल्या माणसाला ती दोन जास्तीची मिनिटं महागात पडतात.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा २० च्या आसपास. म्हणून नळ्या साधारण २० आणि ४० सेंमी लांबीत येतात. दुकानात बहुधा ४० ची असते. बाईने ती वापरली तर काही बिघडत नाही, मागचं शेपूट लोंबतं एवढंच. उलट व्हीलचेअरवर बसून किंवा पलंगावर करायचं असेल तर लांबच बरी, कारण तिचं टोक लघवी धरायच्या मगापर्यंत पोचतं. मात्र २० ची नळी पुरुषाच्या कामाची नाही, ती मूत्राशयापर्यंत जातच नाही. बायकांसाठी स्पीडीकॅथची एक छोटी नळी तळहातात मावेल अशा डबीत येते, टोपण फिरवलं की उघडते आणि वापरून झाल्यावर पुन्हा त्यातच बंद करता येते. पर्समध्ये ठेवली तर कुणाला कळत नाही. पण तिची दांडी आखूड आहे. मांड्या नीट फाकत नसतील, हात खालपर्यंत जात नसेल, तर ही देखणी वस्तू निरुपयोगी ठरते.

साधी नेलॅटन

फायदा सरळ आहे: स्वस्त, कुठेही मिळते, कोरडी असते, त्यामुळे बोटांत धरता येते. हात थरथरणाऱ्या माणसासाठी हा शेवटचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. बुळबुळीत नळी निसटते, कोरडी निसटत नाही. टोकाकडचा भाग जेलीत, मागचा भाग कोरडा, असं ठेवता येतं.

दोष दोन. पहिला, टोकाजवळच्या दोन भोकांच्या कडा. चांगल्या नळीत त्या गुळगुळीत केलेल्या असतात, स्वस्तातल्या काही नळ्यांत नुसत्या कापलेल्या. नवीन कंपनीचं पाकीट आणलं की एक नळी बळी द्या: उजेडात धरा आणि भोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर मूत्रमार्गाची नाजूक त्वचाही अडकणार. तो माल परत करा. दुसरा दोष पीव्हीसीचा स्वभाव. मे महिन्यात गाडीत राहिलेली नळी शेवयांसारखी मऊ पडते, डिसेंबरात नाशिकच्या पहाटे तीच ताठ होते. ताठ नळी पाकिटासकट दोन मिनिटं काखेत धरली की सुधारते. मऊ पडलेली सरळ आत जात नाही, तिचा हट्ट धरू नये.

खरा खर्च जेलीचा आहे आणि तो कुणी सांगत नाही. पुरुषांनी नुसत्या नळीवर जेली फासली तर ती तोंडाशीच खरवडली जाते आणि आतला सगळा प्रवास कोरडा होतो. नळीबरोबर येणाऱ्या वेदना आणि रक्त यांचं सर्वात मोठं कारण हे. जेली सुई नसलेल्या सिरिंजने किंवा ट्यूबच्या तोटीने मूत्रमार्गाच्या आत सोडावी लागते, दरवेळी निदान ५ मिली. ३० ग्रॅमची ट्यूब सहा वेळा पुरते. दिवसाला चार वेळा म्हणजे महिन्याला १२० वेळा, म्हणजे २० ट्यूब. ही रक्कम नळीच्या किमतीत मिळवा आणि मग हायड्रोफिलिकशी तुलना करा, फरक बराच आकसतो. बायकांना टोकाला दीड-दोन ग्रॅम पुरते, त्यामुळे त्यांच्याकडे हा हिशोब साध्या नळीच्या बाजूनेच राहतो.

जेली पाण्यात विरघळणारी हवी. व्हॅसलीन, खोबरेल तेल, तूप यांपैकी काहीही नको, ते आत चिकटून राहतं. लिग्नोकेनची बधिर करणारी जेली शिकताना उपयोगी, पण ती घालून तीन-चार मिनिटं थांबलं तरच काम करते. लावली-घातली केलं तर ती नुसतीच महागडी साधी जेली. रोज चार वेळा बधिर करत राहण्याचं कारण नाही.

हायड्रोफिलिक

हिचा लेप सगळ्या लांबीवर आणि भोकांच्या कडांवरही असतो, त्यामुळे घर्षण कमी होतं. पुरुषांना, आणि झडप आवळून बसणाऱ्या कुणालाही, हा फरक पहिल्या दिवशी कळतो. जेली, सिरिंज, पुसायला कापड हा पसारा वाचतो. स्वच्छतेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट: बऱ्याच प्रकारांत नळीवर प्लॅस्टिकची सरकती बाही किंवा पकड असते, तिला धरून नळी पुढे ढकलायची, बोट लागतच नाही.

आता काय बिघडतं ते. पाकिटात पाणी असतं. आडवं धरून फाडलं की ते मांडीवर सांडतं आणि ऑफिसात पँट ओली घेऊन बाहेर यावं लागतं, तेही नेमकं ज्या कारणासाठी नळी घेतली त्याच कारणासारखं दिसत. पाकीट उभं धरा. काहींच्या मागे चिकट ठिपका असतो, त्याने टाइल्सवर चिकटवून ठेवता येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पाकीट फाडायला बोटांत जोर लागतो. बोट अडकवायला भोक असलेलं पाकीट असेल तर अंगठ्याने किंवा दाताने नव्हे, त्या भोकात बोट घालून ओढा. तरी जमत नसेल तर सकाळी, हातात ताकद असताना, दिवसभराच्या पाकिटांची कडा अर्धा सेंटिमीटर सोडवून ठेवावी, असं सुचवणारे भेटतील. तसं करू नका. पाकिटाचं सील सुटलं की निर्जंतुकपणाही गेला आणि पाणीही गळणार. त्यापेक्षा दुसऱ्या बांधणीची नळी शोधा.

काही पाकिटांत पाण्याची वेगळी पुडी असते. ती फोडून नळी ओली करायच्या प्रकारात पुडी न फोडताच नळी बाहेर काढण्याची चूक नेहमीची. आधी पुडी दाबायची, पाणी खाली उतरू द्यायचं, पाकिटावर लिहिलेले सेकंद मोजायचे. पुडी नसलेला प्रकार असेल तर पाणी पिण्याच्या दर्जाचं हवं. टाकीचं, टँकरचं पाणी नको.

आणि सर्वात मोठी चूक: हायड्रोफिलिक नळी धुऊन पुन्हा वापरणं. महाग आहे म्हणून मन होत नाही टाकायला, हे समजतं. पण लेप वाळला की तोच गोंदासारखा चिकटतो, दुसऱ्यांदा ओला केला तरी सारखा पसरत नाही, आणि बाहेर काढताना मूत्रमार्गाची त्वचा ओढून आणतो. वाळलेली हायड्रोफिलिक ही साध्या नळीपेक्षा कितीतरी वाईट. त्याच कारणाने ती आत घालून फोनवर बोलत बसू नये, लेप आतही वाळतो. वर जेलीही लावायची नाही, लेप बिघडतो. पाकिट उघडल्यावर पाणी आटलेलं आढळलं, म्हणजे कुठेतरी बारीक छिद्र आहे. ती नळी फेका.

साध्या नळीच्या पाकिटावरही कापलेल्या २ ची खूण असते, म्हणजे एकदाच वापरा. आपल्याकडे तरी धुऊन वापरणारे पुष्कळ आहेत, पैशाचा प्रश्न आहे. ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांनी हे डॉक्टरांना सांगून करावं आणि निदान इतकं पाळावं: काढल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, मोठ्या सिरिंजने आतून पाणी सोडायचं, झटकून पूर्ण वाळवायची आणि कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवायची. ओली नळी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळणं म्हणजे जंतूंना अंथरूण घालून देणं. उकळत्या पाण्यात टाकली की पीव्हीसी वाकडी होते. डेटॉल-सॅव्हलॉनमध्ये बुडवून ठेवलेली तशीच घातली तर आत भाजतं. कडक झालेली, पिवळी पडलेली, आत काही दिसणारी नळी टाकून द्यायची. एका माणसाची नळी दुसऱ्याने वापरायची नाही, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहून ठेवलं.

हात, डोळे, मांड्या

एमएसवाल्यांसाठी वेगळं लिहावं लागतं ते यासाठी. मानेच्या खाली मणक्याला मार लागलेल्या तरुणाचे हात बहुधा शाबूत असतात. इथे बोटांना मुंग्या असतात, दुपारनंतर ताकद जाते, एका डोळ्याने धूसर दिसतं, आणि पाय फाकवले की मांड्या आवळून जवळ येतात. शिकायची वेळ सकाळची ठेवा. पण परीक्षा संध्याकाळी सहाला घ्या, कारण दिवसातली शेवटची नळी थकलेल्या हातांनीच घालायची असते.

एक ढोबळ चाचणी: शर्टाचं बटण लावता येतं का, पेनाने नाव लिहिता येतं का? जमत असेल तर नळी जवळपास नक्की जमेल. जमत नसेल तरी लगेच हार मानायची नाही. मांड्या आवळत असतील तर कमोडवर पुढे सरकून, मागे टेकून, दोन गुडघ्यांमध्ये उशी किंवा तांब्या अडकवून बघा. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) चालू असेल तर गोळीनंतर तासाभराने मांड्या सैल असतात, ती वेळ साधा. उकिडवं बसून तोल जाणाऱ्यांनी भारतीय संडासात हा प्रयोग करू नये. पलंगावर भिंतीला टेकून, खाली मग ठेवून करणं जास्त सुरक्षित. कपड्यांचंही बघा. चुडीदार आणि नाडी दोन्ही वैरी आहेत. साडी, गाऊन, इलॅस्टिकचा सैल पायजमा सोयीचा.

बायकांनी सुरुवातीला आरसा घ्यावा, पण सवय बोटाची लावावी. डाव्या हाताच्या पहिल्या आणि तिसऱ्या बोटाने कडा बाजूला करायच्या, मधल्या बोटाने जागा चाचपायची, आणि बोटाच्या टोकाशी नळी टेकवून वर, पोटाच्या दिशेने सारायची. दिसत नसलं तरी जमतं, अंध बायकाही करतात. नळी योनीत गेली तर लघवी येत नाही. ती लगेच काढू नका, खूण म्हणून तिथेच राहू द्या आणि दुसरी नवी नळी तिच्या वरच्या बाजूला घाला. म्हणून जवळ नेहमी दोन हव्यात.

पुरुषांनी लिंग पोटाच्या दिशेने वर ताणून धरायचं म्हणजे मूत्रमार्गाचं वळण सरळ होतं. खाली लोंबत ठेवून घातली की नळी वळणावर टेकते. साधारण १५-१६ सेंमी आत गेल्यावर झडपेशी अडते. इथे जोर करायचा नाही. थांबा, हलका दाब तसाच ठेवा, लांब श्वास सोडा, एकदा खोका, पायाची बोटं हलवा. आवळलेली झडप अर्ध्या-एक मिनिटात सुटते. ढकलत राहिलात तर नळी भिंतीत खोटी वाट पाडते आणि मग दरवेळी त्याच खड्ड्यात शिरते. वारंवार अडत असेल तर वाकड्या टोकाची टीमन नळी असते, पण ती युरोलॉजिस्टने दाखवल्याशिवाय घेऊ नये. शेवटी कातडी परत पुढे ओढायला विसरू नका. मागे राहिली तर सुजून अडकते.

लघवी सुरू झाल्यावर नळी आणखी २-३ सेंमी आत सारायची. धार थांबली की सावकाश बाहेर ओढायची. मध्ये पुन्हा सुरू झाली तर तिथे थांबायचं. तळाची शेवटची लघवी अशीच निघते, आणि घाईने नळी काढणाऱ्यांच्या संसर्गाचं मूळ बहुधा या राहिलेल्या ३०-४० मिलीत असतं. हात आधी साबणाने धुवायचे. जागा पाण्याने आणि साध्या साबणाने पुढून मागे धुवायची. दरवेळी अँटिसेप्टिक चोळायची गरज नाही, त्याने कातडी सोलवटते.

किती वेळा, आणि बिघडलं हे कसं ओळखायचं

पहिले काही दिवस मापाच्या मगात मोजा आणि लिहा: वेळ, स्वतः केलेली लघवी, नळीने निघालेली, मध्ये गळालेली. एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर निघता कामा नये. तसं होत असेल तर वेळा वाढवा. ज्यांना स्वतःहून होतच नाही त्यांना दिवसात चार ते सहा वेळा लागतं. जे स्वतः करतात आणि फक्त उरलेलं काढतात त्यांना एक-दोनदा पुरतं, त्यातली एक झोपण्याआधीची. उरलेलं सतत १०० मिलीच्या आत असेल तर डॉक्टर वेळा कमी करतात. पाणी दीड ते दोन लिटर प्या. गळतीच्या भीतीने पाणी तोडणारे लघवी दाट करून घेतात, दाट लघवी मूत्राशयाला डिवचते, आणि बद्धकोष्ठ झालं की भरलेलं आतडं खालून आणखी दाबतं.

लघवीला वास आला, गढूळ दिसली, एवढ्यावर अँटिबायोटिक नको. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. त्रास नसेल तर त्यावर औषध नसतं. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, दोन नळ्यांच्या मध्ये अचानक वाढलेली गळती, आणि एमएसमध्ये खास म्हणजे एका रात्रीत वाढलेला पायांचा ताठरपणा किंवा अशक्तपणा, ही खरी चिन्हं. पाय चालेनासे झाले की एमएसचा अटॅक आला समजून स्टेरॉइडकडे धाव घेतली जाते, आणि निघतो लघवीचा संसर्ग. स्टेरॉइडआधी लघवी तपासा. कल्चरचा (लघवीत कुठले जंतू आहेत ते बघायच्या तपासणीचा) नमुना नव्या नळीतून थेट बाटलीत घ्या, मगातला नको. आणि पहिला अँटिबायोटिकचा डोस नमुना दिल्यानंतर.

सुरुवातीला नळीच्या टोकाला गुलाबी डाग दिसतो, तो चालतो. गाठी, लाल लघवी, किंवा दोन-चार दिवस सतत रक्त चालत नाही. पोट भरलंय, नळी जात नाही, अर्ध्या तासाने गरम पाण्याच्या शेकानंतरही जात नाही, तर घरी खटपट न करता सरळ रुग्णालयात.

हात अजिबात चालत नसतील आणि घरात कुणी करणारं नसेल, तर नळी कुठलीही असो, ही पद्धत लादू नये. अशा वेळी मूत्रमार्गात महिनोन्महिने फोली ठेवण्यापेक्षा पोटातून बसवलेली नळी बहुतेकांना बरी पडते.

घ्यायचं काय

हातात जोर असलेल्या बाईने साधी १२ नंबर, चांगल्या कंपनीची, एकदा वापरून टाकायची. यापेक्षा जास्त खर्च करायची गरज आम्हाला दिसत नाही. पुरुषांनी, विशेषतः झडप आवळणाऱ्यांनी, परवडत असेल तर हायड्रोफिलिक घ्यावी. अर्धवट परवडत असेल तर घरी साधी नळी भरपूर जेलीसह आणि बाहेर जाताना हायड्रोफिलिक अशी विभागणी करा. एका नळीमागे १०० रुपयांचा फरक पडत असेल तर दिवसाला चारच्या हिशोबाने तो महिन्याला १२,००० होतो, आणि बाहेरची एकच नळी हायड्रोफिलिक ठेवली तर ३,०००. हात थरथरत असतील तर दोन्ही प्रकार हातात घेऊनच ठरवा, इथे आमचा सल्ला उपयोगाचा नाही.

हायड्रोफिलिक बऱ्याच दुकानांत मागवावी लागते आणि ३० चा खोका घ्यावा लागतो. आधी कंपनीच्या प्रतिनिधीकडून किंवा युरोलॉजीच्या ओपीडीतून दोन-तीन नमुने मागा, ते बहुधा मिळतात. खोका घेताना मुदत बघा. एक्सपायरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर भाव कमी करून मागा किंवा नको म्हणा. संपायच्या आधी दहा दिवस ऑर्डर द्या, गणपती-दिवाळीत पंधरा.

प्रवासाला निघताना मोजून लागतील त्याच्या दीडपट नळ्या घ्या. हलत्या रेल्वेच्या संडासात उभं राहून हे काम होत नाही. नळीचं नरसाळं आधीच युरिन बॅगच्या टोकाला जोडून ठेवलं तर बर्थवर पांघरूण घेऊन बसल्या जागी करता येतं, बॅग नंतर रिकामी करायची. वापरलेली नळी कमोडमध्ये टाकू नका, ती पुढच्या वळणावर हमखास अडकते. कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात द्या. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, कचरावेचक बाईला तो बघून हात कुठे घालायचा नाही ते कळतं.